मेन स्विच पाडला की फोनही जातो

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. नवी पेठेतील आमच्या दुकानाच्या मागे चादरी-टॉवेलचे छोटे गोदाम आहे. रात्री साडेनऊच्या सुमारास तिथल्या स्विच बोर्डातून धूर येऊ लागला. आमचे रखवालदार चाचा पूर्वी यंत्रमागावर काम करीत. तीस वर्षे कारखान्यात काढलेल्या माणसाला जे शिकवलेले असते तेच त्यांनी केले. प्रथम धावत जाऊन मेन स्विच पाडला. मग टेबलावरचा फोन उचलला. फोनला आवाजच नाही. दोनदा, तीनदा उचलून पाहिला. त्यांच्या खिशात मोबाईल होता, पण त्याचे रिचार्ज संपून चार दिवस झालेले; येणारे फोन येत होते, जाणारे बंद. शेवटी रस्त्यावर पळत जाऊन त्यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून मला फोन लावला. पहिले वाक्य होते, "शेठ, फोन तो गूंगा हो गया." आगीचे नंतर सांगितले.

अल्लाहच्या कृपेने आग बोर्डापुरतीच राहिली. चादरींचे दोन गठ्ठे करपले, वायरिंग बदलावे लागले. परंतु आठ-दहा मिनिटे वाया गेली, ती सुताच्या आणि कापडाच्या धंद्यात किती महाग पडू शकतात हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेट देणाऱ्या कंपनीला जाब विचारला. कंपनीचे नाव घेत नाही, कारण सर्वांकडे थोड्याफार फरकाने हाच प्रकार आहे. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितले, "सर, लाईट गेल्यावर हा फोन चालत नाही, फॉर्मवर लिहिलेले आहे." फॉर्म काढून पाहिला. लिहिलेले होते. आम्ही व्यापारी सुताच्या बिलातला पैसान् पैसा तपासतो, पण असला बारीक मजकूर न वाचता सही करतो. तेव्हा दोष माझाही होता.

जुना फोन अंधारात का चालत असे?

आमच्या वडिलांनी पेढीवर फोन घेतला तेव्हा अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तो काळा, जड फोन होता. त्याला कधी विजेचा प्लग जोडल्याचे मला आठवत नाही. राज्यात भारनियमनाचा कहर होता त्या काळात दुकानात मेणबत्ती लावून बसलो तरी फोन वाजत असे. त्याचे कारण साधे आहे. तांब्याच्या ज्या दोन तारा टेलिफोन एक्स्चेंजमधून घरी येत, त्यांच्यातूनच फोनला लागणारी वीज येत असे, सुमारे ४८ व्होल्ट. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांची रांग असे आणि पाठीशी डिझेलचे जनरेटर. सारे शहर अंधारात असले तरी फोनचा जीव एक्स्चेंजमध्ये सुरक्षित राही.

आता घरोघर जी फायबरची बारीक तार आली आहे ती काचेची आहे. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. भिंतीवर जो लुकलुकणारा डबा बसवतात तो त्या प्रकाशाचे पुन्हा इंटरनेट आणि आवाज करून देतो. हा डबा आपल्या घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की डबा बंद आणि डबा बंद झाला की त्याला जोडलेला फोन मुका. आकडे तेच, ०२१७ पासून सुरू होणारा नंबर तोच, हातात घ्यायचा रिसीव्हरही तसाच. म्हणूनच फसगत होते. आपल्याला वाटते की हा तोच जुना लँडलाईन आहे.

आपला फोन कोणत्या जातीचा आहे हे ओळखायची सोपी रीत सांगतो. फोनची वायर भिंतीतल्या जुन्या टेलिफोनच्या खोबणीत जात असेल तर तो तांब्याच्या तारेवरचा. लुकलुकणाऱ्या डब्यात जात असेल तर तो इंटरनेटचा फोन. नवी पेठेत मी आसपासच्या अकरा दुकानांत सहज डोकावून पाहिले. तांब्याची तार एकाकडेही उरलेली नव्हती.

हे फोन वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. इंटरनेटच्या पैशातच फोन मिळतो, देशभर बोलायला वेगळे बिल येत नाही. पूर्वी इचलकरंजीच्या व्यापाऱ्याशी तीन मिनिटे बोलायचे तर एसटीडी बूथवर लाल आकड्यांकडे बघत घाम फुटायचा. परंतु रोजच्या बोलण्याचा फोन वेगळा आणि संकटातला फोन वेगळा. त्यातही आमच्या धंद्याची अडचण अशी की आग लागली असता पहिले काम मेन स्विच पाडण्याचे असते. म्हणजे फोनची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी आपण स्वतःच्या हाताने फोन बंद करतो. ही गोष्ट कोणाच्या फॉर्मवर लिहिलेली नसते.

सोलापूरकरांना वेगळे सांगायची गरज नाही

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला. मालक, त्यांच्या घरातील माणसे, एक तान्हे मूल आणि कामगार, सर्व एकाच जागी होते, कारण राहणे आणि कारखाना एकाच आवारात होता. त्या आगीचा फोनशी संबंध होता असे मी मुळीच म्हणत नाही, कोणी म्हणू नये. परंतु खाली माग, वर संसार, जिन्यात सुताच्या पिशव्या, ही मांडणी आपल्यापैकी कितीजणांची आहे ते ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. अशा ठिकाणी पहाटे पावणेचारला कोण कुठून फोन करणार, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तरीही गोदामात धूर निघेपर्यंत मी काही केले नाही, हेही कबूल केले पाहिजे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात इंटरनेटवरून बोलण्याला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. त्यावेळी संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर बोलता येई, देशातल्या साध्या फोनवर नाही. पुढे ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट टेलिफोनीबाबत शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने वाट मोकळी केली. त्या शिफारशींत संकटकालीन नंबरांबद्दल जे म्हटले आहे ते वाचण्यासारखे आहे. कंपन्यांना अशी सोय देण्यास उत्तेजन द्यावे, पण तूर्त सक्ती करू नये. मात्र या फोनवरून संकटकालीन मदत मिळण्यात काय मर्यादा आहेत हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगावे. वाय-फायवर अॅपमधून चालणारा फोन कुठूनही लागतो. सोलापूरचा नंबर घेऊन माणूस मुंबईत बसलेला असू शकतो. मग मदत पाठवायची कुठे, ही त्यामागची अडचण.

तेव्हा आपण करायचे ते इतकेच. कंपनीला विचारावे की या फोनवरून ११२ लागतो का, डब्याला जोडलेल्या फोनवरून लागतो की मोबाईलमधल्या त्यांच्या अॅपमधूनही लागतो, आणि आमचा कोणता पत्ता तुमच्याकडे नोंदलेला आहे. दुकान हलवले आणि कनेक्शन तेच ठेवले असेल तर पत्ता बदलून घ्यावा. उत्तर लेखी मागावे. उगाच ११२ लावून परीक्षा पाहू नये. आपण गंमत म्हणून लावलेल्या फोनमुळे दुसऱ्या कोणाचा फोन रांगेत राहतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. व्हॉट्सअॅपवरून ११२, १०१ किंवा १०८ लागत नाही. आपली तरुण मुले नंबर फिरवणे विसरत चालली आहेत. सारे बोलणे व्हॉट्सअॅपवर. त्यांना एकदा जवळ बसवून फोनचा साधा डायल दाखवावा.

अमेरिकेत हे धडे फार कडू मार्गाने मिळाले. २००५ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टन शहरात एका घरात लुटारू शिरले. आईवडिलांना गोळ्या लागल्या. मुलीने इंटरनेटच्या फोनवरून तिथला संकटाचा नंबर ९११ फिरवला, तर या लाईनवरून ती सोय नाही अशी टेप वाजली. टेक्सास राज्याने कंपनीवर दावा लावला आणि त्याच वर्षी तिथल्या दळणवळण आयोगाने नियम केला की साध्या फोनशी जोडलेल्या प्रत्येक इंटरनेट फोनवरून, ग्राहकाच्या पत्त्यासह, ९११ लागलाच पाहिजे. तरी आजही तिथे काही फुकट किंवा अतिस्वस्त सेवा या नियमाबाहेर राहतात आणि ९११ ची सोय वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. ज्यांची मुले-मुली तिकडे आहेत त्यांनी त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारावा.

दुसरी हकीकत २०१३ ची, टेक्सासमधलीच. एका लॉजच्या खोलीत आईवर हल्ला झाला. नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ फिरवला. लागला नाही. त्या लॉजच्या फोनवरून बाहेर बोलायचे तर आधी ९ दाबावा लागे, हे त्या लेकराला कोण सांगणार? आई गेली. २०१८ मध्ये त्या आईच्या नावाने कायदा झाला, २०२० पासून अमलात आला, की नव्याने बसवलेल्या अशा फोनवरून आधी कोणताही आकडा न दाबता थेट ९११ लागला पाहिजे. आपल्याकडे मोठ्या कारखान्यांत इंटरकॉम असतो आणि बाहेरच्या लाईनसाठी आधी शून्य दाबावे लागते. ऑफिसातल्या माणसाला ते माहीत असते. खात्यात नव्याने लागलेल्या पोराला माहीत असते का?

११२ लावल्यावर काय बोलावे?

पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, हे नंबर आपल्याला पाठ आहेत. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिने किती जीव वाचवले ते गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. या सर्वांसाठी एकच नंबर म्हणून ११२ आला. देशात त्याची सुरुवात २०१८ च्या अखेरीस हिमाचल प्रदेशातून झाली, महाराष्ट्रात तो २०२१ मध्ये चालू झाला.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. सोलापुरातून लावलेला ११२ सोलापुरात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या केंद्रात, नाहीतर नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून सोलापूरच्या पोलिसांकडे निरोप येतो. उचलणारी व्यक्ती कदाचित कधी सोलापूरला आलेलीही नसेल. आपण घाईत "नवी पेठ, लवकर या" म्हणून ओरडणार. पण नवी पेठ पुण्यात आहे, जळगावात आहे, अहिल्यानगरलाही आहे! म्हणून पहिला शब्द "सोलापूर शहर" हा असावा. मग पेठ, मग जवळची सर्वांना माहीत असलेली खूण, मग काय झाले ते, आणि आत किती माणसे आहेत. समोरच्याने सांगेपर्यंत फोन ठेवू नये. शिवाय महापालिकेच्या अग्निशमन केंद्राचा स्थानिक नंबर चालू आहे की नाही ते एकदा दिवसा, कामाच्या वेळी, नम्रपणे विचारून खात्री करावी आणि तो भिंतीवर लिहून ठेवावा. आगीची गाडी शेवटी तिथूनच निघते.

मी काय केले, आणि किती खर्च आला

पहिला विचार इन्व्हर्टरचा आला. दुकानात इन्व्हर्टर आहेच, डबा त्याला जोडला की झाले. आमच्या वायरमनने मला थांबवले. तो म्हणाला, मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनीत वीज राहते. आगीच्या वेळी त्याचेही बटण बंद करायला हवे, नाहीतर पाणी मारणाऱ्याला शॉक बसेल. बरोबर आहे. म्हणजे इन्व्हर्टर रोजच्या लाईट जाण्यावर उपाय आहे, आगीवर नाही.

मग बाजारात राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घेतला. डब्याच्या शेजारी बसतो, तळहातापेक्षा थोडा मोठा, बारा व्होल्टचा. हजार-दीड हजारापासून मिळतो. घेताना आपल्या डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अॅम्पिअर लिहिले आहे ते वाचून घ्यावे. दुकानदार कोणताही देतो. त्यात लिथियमची बॅटरी असते, तेव्हा तो गाठींवर किंवा कापडाच्या फळीवर ठेवू नये. भिंतीवर, मोकळ्या हवेत लावावा. आमच्याकडे मेन पाडून, घड्याळ लावून पाहिले. फोन तीन तास दहा मिनिटे चालला. मी खूष झालो.

पंधरा दिवसांनी सबंध पेठेची वीज गेली. आमच्या डब्याचे दिवे लागलेले, पण फोन मुका! शोध घेतला तेव्हा कळले की गल्लीत कंपनीची जी पेटी बसवलेली आहे तिलाही वीज लागते आणि तिची बॅटरी मेलेली होती. सर्व कंपन्यांच्या जोडणीत अशी मधली पेटी नसते, परंतु ज्यांनी गल्लीतल्या केबलवाल्याकडून कनेक्शन घेतले आहे त्यांनी हे जरूर विचारावे. आपण आपल्या घरात दिवा लावला तरी वाटेत अंधार असेल तर काय उपयोग?

म्हणून शेवटी भरवसा ठेवला तो बटणाच्या साध्या मोबाईलवर. हजार-बाराशेचा फोन. एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालतो. त्यात ज्या कंपनीचे इंटरनेट आहे तिचे सिम न घालता मुद्दाम दुसऱ्या कंपनीचे घातले, म्हणजे एकीची यंत्रणा बंद पडली तर दुसरी हाताशी राहील. पूर्वी अशा फोनलाही डेटासकट महागडे रिचार्ज मारावे लागे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की नुसते बोलणे आणि एसएमएस एवढेच देणारे पॅकही कंपन्यांनी ठेवावेत. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये जे पॅक आले ते ८४ दिवसांना साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांच्या घरात होते. दिवसाला साडेपाच रुपये झाले. आज दर काय आहेत ते दुकानात विचारून घ्यावे. कंपन्या असे पॅक आपण होऊन दाखवत नाहीत, मागावे लागतात.

११२ बद्दल असाही निर्णय झालेला आहे की ज्या सिमचे जाणारे फोन बंद आहेत त्यावरूनही तो लागावा. हे आमच्या चाचांना माहीत नव्हते, मलाही नव्हते. माहीत असते तर त्यांनी पानवाल्याकडे न धावता खिशातल्याच फोनवरून ११२ लावून पाहिला असता. पण मालकाला, शेजाऱ्याला, वायरमनला बोलवायचे तर रिचार्ज लागतेच. रात्रपाळीच्या माणसाचे रिचार्ज हा मालकाचा खर्च आहे असे मी आता धरले आहे आणि वहीत तो विजेच्या बिलाखाली लिहितो. काही व्यापारी मित्र यावर हसले. हसू द्या.

फोन ठेवण्याची जागाही विचार करून ठरवली. पूर्वीचा फोन गोदामाच्या आत, हिशेबाच्या टेबलावर होता. धुरात आत कोण जाणार? नवा फोन बाहेरच्या दारापाशी, शटरच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगला आहे. दर जुम्म्याला दुकान बंद करण्यापूर्वी चार्जिंग, हे काम धाकट्या मुलाकडे. शेजारी एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ११२, अग्निशमन केंद्राचा नंबर, माझा नंबर, आणि गोदामाचा पूर्ण पत्ता, "सोलापूर शहर" पासून सुरुवात करून. मराठीत, उर्दूत आणि तेलुगूत लिहिला आहे, कारण आमच्याकडे माल बांधायला येणारी दोन मुले पूर्व भागातली आहेत आणि घाबरल्यावर माणूस आपल्याच भाषेत वाचतो. तेलुगू मजकूर त्यांनीच लिहिला.

घरी स्मार्टफोन असतील तर एवढे शिकवून ठेवावे. फोनला लॉक असला तरी पडद्यावर संकटकालीन कॉलचा पर्याय असतो. २०१६ च्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०१७ नंतर विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये संकटाचे बटण असणे बंधनकारक झाले. स्मार्टफोनवर पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबायचे, बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. काही फोनांत हे सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते. दुपारी मुले शाळेत आणि पुरुष दुकानावर असताना घरी म्हातारी माणसे आणि बायकाच असतात. हे बटण त्यांना माहीत असणे सर्वांत गरजेचे आहे. माझ्या अम्मीला तीनदा दाबणे जमेना, चौथ्यांदा दाबून फोनच बंद करते. तिच्यासाठी मग पलंगाशेजारी बटणाचाच फोन ठेवला आणि ९ च्या आकड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

सगळा हिशेब केला तर यूपीएस, फोन, पहिले रिचार्ज, पुठ्ठा आणि खिळा धरून तीन हजारांच्या आत बसले. त्या रात्री करपलेल्या दोन गठ्ठ्यांची किंमत याच्या कितीतरी पट होती. गल्लीतल्या त्या पेटीच्या बॅटरीबद्दल मी कंपनीकडे दोनदा लेखी तक्रार दिली आहे. माणूस येऊन पाहून गेला. बॅटरी अजून बदललेली नाही.